आमच्या चुलीची मराठी कोण लिहिणार?

बदलापूरची माझी खाला वारली. चाळीसवा झाला आणि त्यानंतरच्या रविवारी मावसभावाने माळा रिकामा करायला घेतला. जुनी भांडी, तुटकी छत्री, खालूंच्या कारखान्यातल्या पगाराच्या चिठ्ठ्या, उर्दू वर्तमानपत्रांचे गठ्ठे आणि एक जाडजूड वही, असे सगळे खाली आले. रद्दीवाल्याने सगळे एकत्र बांधून काट्याला लावले. आठ दिवसांनी मी गेले तेव्हा भाभीला विचारले, "खालाची वही कुठंय?" ती म्हणाली, "ती उर्दूतली? आम्हांला कुणाला वाचता येत नव्हती. हिशोबाची असेल असं वाटलं."

हिशोबाची नव्हती. खालाच्या स्वयंपाकाची होती. चाळीस वर्षांच्या स्वयंपाकाची.

ही वही 26 जुलै 2005 च्या पुरातून वाचली होती. उल्हास नदीचे पाणी घरात कमरेपर्यंत आले तेव्हा खालाने कुरआन शरीफ, रेशनकार्ड आणि ही वही आधी माळ्यावर चढवली आणि मग स्वतः शेजारच्या पक्क्या इमारतीत गेली. नदीने सोडलेली वही रद्दीवाल्याने नेली. मी रद्दीवाल्याला दोष देत नाही. भाभीलाही देत नाही. वाचकहो, आज मला आपल्या सगळ्यांना दोष द्यायचा आहे, आणि त्यात माझे नाव पहिले आहे. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. ती वही मला वाचता येत होती. मी ती शंभर वेळा हाताळली, आणि एकदाही तिचे एक पान उतरवून घेतले नाही.

त्या वहीत काय होते ते आठवेल तेवढे सांगते.

खाला मूळची महाडकडची. खालूंना अंबरनाथच्या एमआयडीसीत नोकरी लागली म्हणून ती इकडे आली. अक्षर उर्दू, भाषा मात्र गावची कोकणी मराठी. उर्दू लिपीत मराठी लिहिताना 'ळ' कसा दाखवायचा हा तिला प्रश्न पडे, म्हणून ती 'लाम'च्या डोक्यावर आपल्या मनाने एक छोटी रेघ काढायची. त्या वहीत सांदण होते. तांदळाचा रवा नारळाच्या पाण्यात भिजवून रात्रभर आंबवायचा, वाट्यांत घालून उकडायचा आणि वर नारळाच्या घट्ट दुधाचा थर द्यायचा. त्यापुढे तिने लिहिले होते, थंडीत भांडे गोधडीत गुंडाळून ठेवावे, पावसाळ्यात नको. वांग्यातले सोडे होते. वालाचे बिरडे होते. कोकम कधी घालायचे, आंबोशी कधी आणि चिंच कधी, याचे अख्खे पान होते. मुहर्रमच्या खिचड्यासाठी गहू किती वेळ कुटायचे, डाळी कोणत्या क्रमाने घालायच्या आणि घोटताना हात का थांबवायचा नाही, हे होते. ईदच्या आधी बाजेवर शेवया वाळवताना कावळे राखायला कोणत्या पोराला बसवावे, हेसुद्धा होते.

आणि एक पान होते शेवळांचे. पावसाच्या तोंडावर बदलापूरच्या बाजारात आदिवासी बाया शेवळांच्या जुड्या घेऊन बसतात. नीट निवडून, काकडाच्या फळांचा रस घालून शिजवली नाहीत तर घसा खाजवून जीव नकोसा होतो. खालाला हे शेजारच्या कायस्थ काकूंनी शिकवले. काकू त्यात कोलंबी घालत, खालाने खिमा घातला. वहीत तिने प्रामाणिकपणे लिहिले होते : 'काकूंची शेवळं, खिमा माझा.' डोंगरातली भाजी, आदिवासी बाईचे ज्ञान, कायस्थ काकूंची रीत आणि मुसलमान बाईचा खिमा. महाराष्ट्राचा याहून खरा इतिहास मी कोणत्याही बी.एड.च्या पुस्तकात वाचलेला नाही. तो किलोच्या भावाने गेला.

आता माझे भांडण.

पहिले भांडण बाहेरच्यांशी. काही वर्षांपूर्वी शिक्षकांच्या एका प्रशिक्षणाला गेले होते. दुपारी डबे उघडले. माझ्या डब्यात तांदळाची भाकरी आणि दुधी-चणाडाळ. समोरच्या बाई डब्यात डोकावून म्हणाल्या, "हे काय? आज बिर्याणी नाही? तुमच्यात तर रोज असते ना!" त्या हसल्या, मीही हसले. दुसऱ्या बाईंनी मात्र आपली खुर्ची हळूच चार बोटे मागे घेतली होती. दुधी भोपळ्यापासून! त्या चार बोटांनी मला जे शिकवले ते त्या प्रशिक्षणाच्या पाच दिवसांत कुणी शिकवले नाही. आमचे अन्न म्हणजे एक तर बिर्याणी, नाही तर भीती, असे दोनच रकाने लोकांच्या मनात आहेत. दुधीचा तिसरा रकाना नाहीच. पण तो असणार कसा? आम्ही तो कधी लिहिला आहे का?

मराठीत स्वयंपाकाची पुस्तके काही काल आलेली नाहीत. 'सूपशास्त्र' 1875 सालचे. लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणी-मित्र' 1910 सालचे. 1970 साली कमलाबाई ओगल्यांचे 'रुचिरा' आले आणि नव्या नवरीच्या सामानात ठेवले जाऊ लागले. कमलाबाई काही शाळा-कॉलेजात शिकून विदुषी झालेल्या नव्हत्या. त्यांनी वाटी आणि चमचा ही घरातली मापे धरली, म्हणून ते पुस्तक घराघरात चालले. त्या पुस्तकाबद्दल माझ्या मनात आदर आहे. माझ्या अम्मीनेही त्यातून ढोकळा शिकला. पण त्या सगळ्या फळीवर माझी खाला कुठे आहे? सांदण कुठे आहे? मुहर्रमात पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि मराठवाड्यातल्या गावागावात हिंदू-मुसलमान दोघांच्याही घरी होणारे चोंगे आणि मलिदा कुठे आहेत? पिराच्या कंदुरीला गावातले सगळे जेवायला बसतात. त्या कंदुरीच्या रश्शाचा मसाला कोण सांगणार?

कुणी म्हणेल, त्यांनी आम्हांला वगळले. काही अंशी खरे आहे. पण दलितांनाही वगळलेच होते. त्यांनी काय केले? 2009 साली पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रातून दलित घरांतल्या अन्नाच्या आठवणी आणि कृतींचे पुस्तक आले. 2015 साली शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहिले. मराठवाड्यातल्या महार आणि मांग घरांत काय शिजत होते, कशामुळे शिजत होते आणि काय शिजवायला मिळत नव्हते, ते त्यांनी न लाजता, न लपवता मांडले. 2024 मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर झाले आणि जगाने वाचले. त्यांनी कुणाच्या पंगतीत जागा मागितली नाही, आपले ताट आपण मांडले. आमचे ताट कोण मांडणार? आम्ही दार ठोठावले नाही, आणि आत घेतले नाही म्हणून रडत बसलो.

दुसरे भांडण आपल्या साहित्यिकांशी. 1990 साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा माझ्यासारख्या मुली शाळेतही जात नव्हत्या. पुढे मोठ्या झाल्यावर आम्ही त्या चळवळीचे लेखन वाचले आणि आपणही मराठीत लिहू शकतो अशी हिंमत आली. तलाक, दंगल, गरिबी, शिक्षण या विषयांवर आपल्या लेखकांनी लिहिले. ते लिहायलाच हवे होते. पण आपल्या कथा-कादंबऱ्या उघडून पाहा. त्यांत अम्मी सारखी चुलीशी असते, डोळे पुसत असते, भाकरी थापत असते. ती काय शिजवते हे कळत नाही! पदार्थाला नाव नाही, मसाल्याला वास नाही. लेखकाने आईचे अश्रू मोजले, मीठ मोजले नाही. मी एकदा एका अंकाच्या संपादकांना विचारले, स्वयंपाकावर लिहू का? ते प्रेमाने म्हणाले, "आपा, तुमच्यासारख्या शिकलेल्या बाईनं काही गंभीर लिहावं. पाककृती म्हणजे साहित्य नव्हे."

नाही का? मग थोडा आपलाच इतिहास पाहू. पंधराव्या शतकाच्या शेवटाला आणि सोळाव्याच्या आरंभाला माळव्यात मांडूच्या सुलतानाच्या दरबारात 'निमतनामा' नावाचा ग्रंथ तयार झाला. त्यात सामोशाच्या कृती आहेत, चित्रेही आहेत. आज तो लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत काचेसारखा जपला जातो. सुलतानाच्या स्वयंपाकाचे लिखाण वारसा ठरते आणि माझ्या खालाच्या स्वयंपाकाचे लिखाण रद्दी ठरते. यात पाककृती आणि साहित्य हा फरक नाहीच. सुलतान आणि खाला एवढाच फरक आहे. उर्दूतही पाहा. 1898 साली लाहोरहून 'तहजीब-ए-निस्वां' हे बायकांचे पत्र निघू लागले. त्याच्या संपादिका मुहम्मदी बेगम. बायकांच्या हक्कांसाठी लेखणी चालवणाऱ्या या बाईने 'नेमतखाना' नावाचे स्वयंपाकाचे पुस्तकही लिहिले. तिला ही दोन कामे एकमेकांच्या विरोधात आहेत असे वाटले नाही. सव्वाशे वर्षांनी आपल्याला का वाटते?

तिसरे भांडण माझ्याच पुरोगामी मैत्रिणींशी. त्या म्हणतात, "बाईला चुलीतून बाहेर काढायचं सोडून तू तिला चुलीवरच लिहायला सांगतेस?" मी म्हणते, होय. कारण ती चुलीपुढे आहेच. आज सकाळी होती, उद्या सेहरीलाही असेल. प्रश्न एवढाच की तिच्या हातातल्या विद्येला आपण विद्या म्हणणार की नाही. लग्नात दोनशे माणसांची देग उतरवणाऱ्या बावर्चीला आपण 'उस्ताद' म्हणतो, पागोटे बांधतो, पैसे देतो. वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस, महिनाअखेरीला निम्म्या तेलात, पाहुणे आले की त्याच भातात चार माणसे वाढवणाऱ्या बाईला आपण काय म्हणतो? काहीच नाही. जेवण झाले की "मीठ जरा कमी होतं" म्हणतो. तिने लिहायला घेतले की पहिल्यांदाच ती चुलीपासून दोन पावले मागे सरते आणि आपल्या कामाकडे दुरून बघते. पदर खोचून काम करणारी बाई पेन हातात घेते, तेव्हा ती चुलीत परत जात नसते. ती चुलीवर मालकी सांगत असते.

चौथे भांडण एका गोड गोष्टीशी. "हाताची चव असते, ती लिहून येत नाही." अम्मीही हेच म्हणायची : "बेटा, हाथ को याद है, काग़ज़ को क्या मालूम!" किती छान वाटते ऐकायला. पण या वाक्याने जेवढ्या कृती मारल्या तेवढ्या कोणत्याही सरकारने मारल्या नसतील. हाताला आठवते, पण हात मरतो. त्याला संधिवात होतो, कंप सुटतो, मग तो कफनात जातो आणि आठवण त्याच्याबरोबर जाते. हाफिजांच्या छातीत कुरआन सुरक्षित होते, तरीही यमामाच्या लढाईत अनेक हाफिज शहीद झाल्यावर ते लिखित स्वरूपात एकत्र करण्याचा निर्णय हजरत अबू बक्र यांच्या काळात झालाच ना? मी तुलना करत नाही, तौबा. पण आठवणीवर विसंबू नये आणि लिहून ठेवावे हा धडा आपल्याच घरातला आहे, एवढेच सांगते.

आता पाचवे आणि सगळ्यांत अवघड भांडण. ते लिपीचे आहे आणि ते माझे माझ्याशी आहे.

मी शिकवते उल्हासनगरात. या शहराचा जन्मच विस्थापितांचा. दुसऱ्या महायुद्धातली कल्याणची लष्करी छावणी, तिथे फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी उल्हासनगरची पायाभरणी केली. अजूनही लोक पत्ता सांगताना कॅम्प नंबर सांगतात. त्या लोकांबरोबर जमीन आली नाही, शेत आले नाही, सिंधू नदी आली नाही. आले ते दाल-पकवान, कोकी, साई भाजी आणि कढी. आमच्या शाळेच्या वाटेवर एक सिंधी आंटी राहतात, वय ऐंशीच्या पुढे. सकाळी कोकी भाजताना दारातून हाक मारतात. एकदा त्यांनी मला त्यांच्या आईची वही दाखवली. अक्षर अरबी वळणाचे, सिंधी. मी उर्दूवाली म्हणून त्यातले अर्धे-मुर्धे मला वाचता आले. मी 'बसर' म्हणून वाचले. आंटी म्हणाल्या, "बसर माने प्याज." त्यांचे डोळे भरले. कारण त्यांच्या स्वतःच्या नातीला ती वही वाचता येत नाही. नात इंग्रजी शाळेत शिकली. 1967 साली सिंधी भाषा घटनेच्या आठव्या अनुसूचीत आली, भाषेला मान मिळाला, पण घरातली वही घरातल्या मुलीला परकी झाली.

त्या दिवशी मी आंटींच्या घरातून हळहळत बाहेर पडले. बिचारे सिंधी, असे मनात म्हणाले. बदलापूरला माझ्याच खालाच्या माळ्यावर तेच वाढून ठेवले आहे, हे मला दिसले नाही. खालाची नातवंडे मराठी आणि इंग्रजी शाळांतली. त्यांना 'लाम'वरची ती रेघ कशी कळणार?

कुणी गैरसमज करून घेऊ नये. मी उर्दूची नोकर आहे, उर्दूवर माझी रोटी आहे आणि उर्दूवर माझे प्रेमही आहे. उर्दू मरू नये म्हणून मी रोज तासन्‌तास घसा कोरडा करते. पण खालाची भाषा उर्दू नव्हतीच. ती मराठी होती, फक्त उर्दूच्या कपड्यात होती. ती देवनागरीत आली असती तर भाभीने पहिल्या ओळीतच 'सांदण' वाचले असते आणि वही रद्दीवाल्याच्या हातून ओढून घेतली असती. म्हणून मी म्हणते, उर्दूत लिहा, जरूर लिहा, पण शेजारी देवनागरी मराठीत उतरवा. एका पानाला दोन दारे ठेवा. एक दार बंद झाले तर दुसऱ्यातून नातवंडे आत येतील. आणि त्या दुसऱ्या दारातून खुर्ची मागे घेणाऱ्या बाईही कदाचित आत येतील. त्यांना मराठी येते. आमच्या दुधीची मराठी त्यांना कुणी सांगितलेली नाही.

एक भीती आहे, ती झाकून चालणार नाही. "आजच्या काळात आपल्या घरात काय शिजतं ते कशाला लिहायचं? कुणाच्या हातात पडलं तर?" हे मला शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या बायकांनी विचारले आहे. भीती खोटी नाही. 2015 मध्ये गोवंश हत्याबंदीचा कायदा लागू झाला तेव्हापासून टिफिन उघडतानाही माणूस आजूबाजूला बघतो. नोव्हेंबर 2023 मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे द्यायचे ठरले, आणि जानेवारी 2025 मध्ये त्याचा सरकारी निधी बंद झाला. गरिबाच्या पोराच्या ताटातले एक अंडेसुद्धा जिथे वादाचा विषय होते, तिथे आमच्या पातेल्याची काय कथा! पण मी उलटे म्हणते. कायदा पाळा, आणि जे शिजते ते उघड लिहा. झाकलेल्या पातेल्याविषयीच अफवा उठतात. खालाच्या वहीत निम्म्याहून जास्त पाने भाज्या, डाळी, भाकऱ्या आणि सुक्या मासळीची होती. ती छापली गेली असती तर 'तुमच्यात रोज बिर्याणी' हे वाक्य कुठे टिकले असते?

लिहिण्याची ही हौस काही फालतू नाही. मराठीत मधुरा बाचल यांनी 2009 साली घरचा स्वयंपाक दाखवायला सुरुवात केली, आज त्या घराघरात ओळखीच्या आहेत. नगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे आजींना 2020 साली नातवाने कॅमेऱ्यापुढे उभे केले, आणि लाखो लोक 'आपली आजी' म्हणू लागले. मुंबईत कुलाब्याच्या एका बोहरी घरातल्या नफीसा कपाडियांच्या हातचे जेवण त्यांच्या मुलाने 2014 पासून लोकांना घरी बोलावून थाळाभोवती बसवून खिलवले, आणि बोहरी जेवणाचे नाव दूरवर गेले. तिथे मुलगा आणि नातू आईच्या, आजीच्या हाताला नाव द्यायला पुढे आले. आपली मुले काय करतात? अंबरनाथला कितीतरी बायका ऑर्डरचे जेवण करून देतात. डबे देतात, रमजानमध्ये सामोसे तळतात, मुलांच्या फिया भरतात. आणि पाटीवर काय लिहिलेले असते? 'मुघलाई'. अगं बाई, तू रत्नागिरीची, तुझी सासू परभणीची. मुघल तुझ्या स्वयंपाकघरात आले कधी? आपल्या पदार्थाला आपले नाव द्यायचीही आपल्याला लाज वाटते. बाजारात खपेल ते नाव लावायचे, आणि मग लोक आपल्याला मुघलांची औलाद म्हणाले की चिडायचे!

तक्रारी खूप झाल्या. शिक्षिका आहे, गृहपाठ दिल्याशिवाय तास संपवणार नाही.

खालाची वही गेली त्या महिन्यात मी आठवीच्या मुलींना एक काम दिले. घरातल्या सर्वांत वयस्कर बाईकडून एक पदार्थ विचारून लिहून आणा, एका बाजूला उर्दूत, दुसऱ्या बाजूला मराठीत. मुली हसल्या. "टीचर, मार्क मिळणार?" मी म्हटले, मिळणार. वह्या आल्या तेव्हा कळले की आपली चूल एक नाहीच. आमच्या शाळेत कोकणातल्या थोड्या, उत्तर प्रदेशातून आलेल्या पुष्कळ, मराठवाड्यातल्याही काही. एकीने पूर्वांचलची लिट्टी आणली, एकीने खिचडी-खट्टा, एकीने ज्वारीच्या भाकरीबरोबरचा ठेचा. मराठीच्या बाजूला शुद्धलेखन धन्य होते. पण एका मुलीची आई शाळेत भेटायला आली. कधी शाळेत गेलेली नाही, अंगठा लावते. ती म्हणाली, "टीचर, पोरीनं प्रत्येक वेळी चमचा धरून मोजायला लावलं. मला माहीतच नव्हतं की मी हळद अर्धा चमचा टाकते. वीस वर्षं टाकतेय." ती हसत होती, पण ताठ उभी होती. पालक सभेत तिला तसे उभे राहिलेले मी पूर्वी पाहिले नव्हते.

तर हा गृहपाठ आता तुम्हांला. घरात अम्मी, नानी, दादी, सासू, खाला, जी कुणी हयात असेल तिच्याशेजारी बसा. तिने मूठ घातली की मूठ वाटीत ओता आणि मोजा. पदार्थ कुणाकडून शिकली ते लिहा. नाव हिंदू शेजारणीचे असेल तर तेही लिहा. कोणत्या महिन्यात, कोणत्या सणाला, कोणत्या टंचाईत करत होती ते लिहा. काय मिळत नव्हते म्हणून कशावर भागवले तेही लिहा, त्यात लाजण्यासारखे काही नाही. व्हिडिओ काढायचा तर काढा, पण फोन बदलला की तो जातो. कागदावर उतरवा. वहीच्या पहिल्या पानावर, आतून, मराठीत मोठ्या अक्षरात लिहा : 'ही वही रद्दीत देऊ नये.'

आणि आमच्या अंकांच्या संपादकांना एक विनंती आहे, विनंती म्हणजे मागणीच समजा. दरवर्षी कवितेला पाने देता, त्यांतली चार आमच्या वह्यांना द्या. एका वर्षी कोकण, एका वर्षी मराठवाडा, एका वर्षी मालेगाव-भिवंडी, एका वर्षी आमचे अंबरनाथ-बदलापूर. दहा वर्षांत पुस्तक उभे राहील. ते साहित्य आहे की नाही याचा निवाडा नंतर निवांत करा, जेवण झाल्यावर.

खालाची वही आता परत येणार नाही. मला तिची शेवळांची कृती आठवते, पण काकडाची फळे किती घालायची तो आकडा आठवत नाही. मागच्या जूनमध्ये अंदाजाने केली. घसा खाजला. दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन शेवळे विकणाऱ्या आदिवासी बाईला विचारले, "मावशी, एका जुडीला काकडं किती?" तिने बोटांवर मोजून दाखवले. मी पिशवी खाली ठेवली, पर्समधून पेन काढले आणि तिथेच उभ्या उभ्या लिहून घेतले. मराठीत.